दोन थर माती

ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी इंद्रभान मलकापूरच्या रजिस्ट्री कचेरीच्या ओसरीत बसून बायकोची वाट पाहत होता. सकाळच्या गाडीनं तो एकटाच आला होता. चांगुणा तिच्या भावाबरोबर दुपारच्या गाडीनं यायची होती, कारण फारकत ठरलेल्या नवरा-बायकोनं एका गाडीत बसून जाणं दोघांनाही बरं वाटत नव्हतं. अर्जनविसाकडं दोन कागद लिहून तयार होते. एक घर विकल्याचा, एक फारकतीचा. दोन्हींवर इंद्रभानची सही झाली होती आणि तिच्या अंगठ्याची जागा कोरी होती.

झड लागून चार दिवस झाले होते. श्रावणातली झड म्हणजे ना धड पाऊस, ना धड उघाड. आपली रिपरिप चालूच.

दुपारची गाडी आली तशी माणसं कचेरीकडं येऊ लागली. त्यांत चांगुणा नव्हती आणि तिचा भाऊ गुलाबरावही नव्हता. घर विकत घेणारा पुंजाजी तेवढा येताना दिसला. हा नांदुऱ्याचा सरकीचा व्यापारी, अंगावरच्या कपड्यांना फार जपणारा. त्याच्या हातात छत्री होती, पण ती मिटलेली होती. तो भिजत येत होता.

"इंद्रभान," जवळ येऊन तो म्हणाला, "घर बसलं."

घर बसलं म्हणजे खाली आलं. इंद्रभान उठून उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "कोन्ती बाजू?"

"मधलं घर."

पुंजाजीनंच सांगितलं की गुलाबराव बाहेर ओट्यावर होता, त्याला खरचटलंसुद्धा नाही. चांगुणा आत होती. घर कायमचं सोडायचं तर बाईनं ते सारवून सोडावं अशी रीत आहे, म्हणून निघण्याआधी ती जमीन सारवायला बसली होती. लोकांनी माती उपसून तिला काढलं तेव्हा तिच्या हाताचं शेण वाळलंही नव्हतं.

अर्जनविसानं दोन्ही कागद घडी करून परत दिले. इंद्रभाननं ते बंडीच्या खिशात ठेवले. परतीच्या गाडीत पुंजाजी शेजारी बसून पुन्हा पुन्हा सांगत होता की ही गोष्ट कुणाच्या हातची नव्हती, झडीपुढं कुणाचं काय चालतं. इंद्रभान खिडकीबाहेर पाहत होता. ही गोष्ट कुणाच्या हातची होती ते त्याला ठाऊक होतं.

ते घर धाब्याचं होतं. नांदुऱ्याकडच्या खेड्यांत तेव्हा बहुतेक घरं तशीच. मातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर काड्या आणि पाला, आणि पाल्यावर हातभर मातीचं सपाट छत. त्यालाच धाबं म्हणतात. नाल्याकाठची पांढरी खारी माती पाणी खाली झिरपू देत नाही. म्हणून दर वर्षी मृगाच्या आधी तिचा चार बोटं थर धाब्यावर द्यायचा आणि चोपून बसवायचा. पण त्याआधी जुनी माती तेवढीच खरडून खाली टाकायची. हा नेम धाब्याखाली वाढलेल्या माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही. खरडलं नाही तर ओझं चढत जातं, आणि झडीत भिजलेली माती किती जड होते ते ज्यानं टोपलं उचललंय त्यालाच माहीत. खरडण्याचं काम एकट्याचं नाही. एकानं वर खरडायचं, दुसऱ्यानं शिडीवर उभं राहून टोपली झेलायची. अकरा वर्षं इंद्रभान वर आणि चांगुणा शिडीवर, असं चाललं होतं.

घराची जागा चांगुणाच्या नावावर होती. लग्नानंतर दोन वर्षांनी तिनं हातातले चांदीचे गोट मोडून ती घेतली होती. भिंती इंद्रभानच्या. त्यामुळं एकट्याला ते घर विकता येत नव्हतं, आणि एकट्याला ठेवताही येत नव्हतं.

तेरा वर्षांत पाळणा हलला नाही. एकदा इंद्रभानची बहीण मोताळ्याहून आली आणि जेवता जेवता म्हणाली, दुसरी पाहू. चांगुणा समोर वाढत होती. इंद्रभान नाही म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही, खाली मान घालून जेवत राहिला. तो असाच होता. कामाला वाघ, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. चांगुणानं त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावला, आणि तो काही फार चुकीचा नव्हता. एक असताना दुसरी करायची तर आता कायदा आडवा होता, म्हणून बहिणीनं फारकतीची गोष्ट काढली. ती कानावर येताच चांगुणा आपणहून पंचांपुढं जाऊन उभी राहिली.

ही कार्तिकातली गोष्ट. महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-अडीच वर्षं झाली होती, पण गावात अशा बाबतीत शब्द चाले तो पंचांचाच, आणि पंचांत भगवंतरावांचा. त्यांनी ठरवलं की घर विकावं, आलेल्यातलं अर्धं-अर्धं घ्यावं आणि त्याच दिवशी फारकतीचा कागद करावा. तोवर दोघांनी त्याच घरात राहावं. पुढची खोली त्याची, चुलीसकट मधलं घर तिचं. एकमेकांशी बोलू नये, म्हणजे भांडण वाढणार नाही. काही निरोप असला तर शेजारच्या जनकाबाईच्या तोंडून द्यावा.

भगवंतरावांनी चांगुणाला विचारलं की तू भावाकडं मेहकरला का जात नाहीस. ती म्हणाली, "भावाच्या दारात मी पाव्हणी म्हणून जाईन. आश्रित म्हणून नाही जात." नांदुऱ्याला स्टेशनाजवळ तिनं दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. कापसाच्या जिनिंगमधल्या मजुरांना जेवण करून घालायचं तिच्या मनात होतं. ते सगळं या घराच्या विक्रीवर होतं. घर विकलं तर ती कुणाची मिंधी राहणार नव्हती, आणि नाही विकलं तर भावजयीच्या हाताखाली जन्म जाणार होता. हे तिला माहीत होतं आणि इंद्रभानलाही.

त्या बैठकीत इंद्रभान एकच वाक्य बोलला, आणि तेही रागात. "ह्या घरावर मी आता एक टोपलंही माती टाकनार नाही," असं तो चार माणसांत बोलून गेला.

नेहमी न बोलणारा माणूस बोलला की त्याचं वाक्य लोकांच्या ध्यानात राहतं. त्याच्याही राहिलं.

वैशाखात चांगुणा भाच्याच्या लग्नाला मेहकरला गेली, ती दहा दिवस. घरात इंद्रभान एकटा राहिला. जिनिंगचा हंगाम संपला होता, हाताला काम नव्हतं. रोज अंगणात खाट टाकून पडलं की धाब्याची कड दिसायची, तिथं गेल्या वर्षीचं गवत वाळून उभं होतं. मृग महिन्यावर आला होता. गिऱ्हाईक यायच्या आत घर गळायला लागलं तर कोण घेईल, हा एक विचार. आणि अकरा वर्षांची हाताची सवय, ती वेगळीच. त्यानं फावडं काढलं.

घर गावाच्या टोकाला, मागं नाला. भर दुपारी, लोक दारं लावून पडलेले असत तेव्हा, त्यानं पाच दिवस माती वाहिली. चार माणसांत शब्द दिला होता, तो मोडताना कुणी पाहू नये एवढंच त्याला हवं होतं. खरडायला शिडीवर दुसरं माणूस नव्हतं, आणि कुणाला बोलावलं असतं तर गावभर झालं असतं. एक वर्ष नाही खरडलं तर काय बिघडतं, असं म्हणून त्यानं जुन्या मातीवरच नवी घातली आणि चोपली. दोन दिवसांनी वळवाची एक सर येऊन गेली, तिनं माती बसली. मग वावटळीनं त्यावर काडीकचरा आणून टाकला. चांगुणा परत आली तोवर धाबं पाहून कुणाला काही कळलं नसतं.

जनकाबाईकडं तिला निरोप द्यावा असं दोनदा त्याच्या मनात आलं. पण निरोप दिला तर दोघी बाया म्हणतील, पहा, आला नरमाईवर. त्यानं दिला नाही.

ज्येष्ठात तो पंधरा दिवस मोताळ्याला बहिणीच्या शेतावर गेला. परत आला तर भिंतीच्या कडेनं बैलगाडीची चाकोरी उमटलेली आणि दारापाशी पांढऱ्या मातीचे ढिपले पडलेले. जनकाबाईनं न विचारताच सांगितलं की गुलाबराव येऊन गेला, त्यानं गाडी-बैल भाड्यानं घेतले आणि दोन दिवसांत धाबं करून दिलं. वर टोमणाही मारला, "तुह्यानं तर टोपलं उचललं जात नोतं ना बापा, मंग तिच्या भावानं उचललं."

इंद्रभान शिडी लावून वर चढला. गुलाबरावनंही खरडलं नव्हतं. त्याचं मेहकरचं घर टिनाचं, त्याला या कामाचा नेम कुठून ठाऊक असणार. इंद्रभाननं पाय दाबून पाहिला. वर त्यानं वैशाखात घातलेला थर नव्हताच, तो खाली गेला होता. वरचा नवा थर चार बोटांचा नव्हे, चांगला वीतभर होता.

तेव्हाच उतरून जनकाबाईला सांगायला हवं होतं. तो उतरला, हातपाय धुतले आणि जेवायला बसला.

आषाढात पुंजाजी घर पाहायला आला. इंद्रभानशी बोलायचं ते पुढच्या दारी, चांगुणाशी बोलायचं ते मागच्या दारी, अशा चकरा मारून मारून तो दमला. म्हणाला, "तुमी दोघं घर इकून राह्यले, अन् मले वाटते मी सोयरीक जमवून राह्यलो." मग वर चढून त्यानं धाबं पाहिलं आणि खूश झाला. माती भरपूर आहे, पाच वर्षं पाहायला नको, असं म्हणाला. इंद्रभान म्हणाला, "हाव." पोळ्याच्या आत घर मोकळं करून द्यायचं, अशी पुंजाजीची अट होती. सरकी ठेवायला त्याला जागा हवी होती. रजिस्ट्रीचा दिवस श्रावणातला धरला.

आषाढातच घर बोलायला लागलं. आधी पुढच्या खोलीतून मधल्या घरात जायचं दार चौकटीत रुतलं. ते बंदच असायचं, पण आता ते उघडलं नसतं. चौकटीची वरची फळी मध्ये वाकली होती. मग भिंतीच्या वरच्या अंगाला, तुळई जिथं टेकते तिथं, केसाएवढी चीर दिसली. आठ दिवसांनी तिच्यात काडी जाऊ लागली. संध्याकाळी पलीकडं चांगुणाचा भाकरी थापण्याचा आवाज यायचा, आणि तो थांबला की वरून माती गळल्याचा. मूठभर ज्वारी सुपात पडावी तसा.

पाण्याच्या माठावर तिनं लाकडाचं झाकण ठेवलं, हे त्याला मागच्या दारातून दिसलं. म्हणजे तिथंही गळत होतं.

मधल्या तुळईला खालून टेकू लावला असता तर काम भागलं असतं. बाभळीचा एक खांब, अर्ध्या दिवसाचं काम. पण मधलं घर तिचं, तिथं पाय ठेवायचा तर विचारायला हवं. विचारलं तर कारण सांगायला हवं. कारण सांगितलं तर वैशाखातली गोष्ट निघणार. आणि टेकू दिसला तर पुंजाजी घर घेणार नाही. तो नाही म्हणाला तर चांगुणाच्या दोन खोल्या गेल्या. असा विचार त्यानं केला. तिच्या भल्याचाच केला, असं त्याला वाटलं. रजिस्ट्रीला बारा दिवस उरले होते, आणि घर अकरा वर्षं उभं होतं, बारा दिवस उभं राहीलच.

झड सुरू झाली त्या दिवशी मात्र त्याला राहवलं नाही. तो जनकाबाईच्या दारात गेला आणि म्हणाला की चांगुणाला सांग, तिनं पुढच्या खोलीत राहावं, मी मारुतीच्या देवळात पथारी टाकतो.

"काऊन?" जनकाबाईनं विचारलं.

"तसंच. सांग तू."

"तसंच म्हणू का तिले? मी का तुमची डाकवाली हाय, उघडून न पाहता चिठ्ठी नेऊन द्याले?"

"जनकामाय, सांग ना."

ती गेली आणि लगेच परत आली. चांगुणानं काय सांगितलं ते तिनं चांगुणाच्याच शब्दांत सांगितलं. "ती म्हनते, मधलं घर पंचायनं मले देल्लं. मी इथून उठली का ते कुलूप लावतीन अन् पंचायले म्हनतीन, बाई आपल्या मनानं निघून गेली. त्यायले म्हना, चार दिवस राह्यले, तेवढे काढू द्या."

यात तिचं काही चुकलं नव्हतं. नऊ महिने जो माणूस एक शब्द बोलला नाही, तो अचानक माझी खोली घे म्हणतो, तर कुणालाही डाव वाटेल. त्यानं कारण सांगितलं असतं तर ती उठली असती. ती अडाणी होती पण हट्टी नव्हती, आणि धाबं काय असतं ते तिला त्याच्याइतकंच कळत होतं. जनकाबाई उंबऱ्यात थांबून होती. आणखी काही सांगायचं का, असं तिनं विचारलं.

तो नको म्हणाला.

मग चार दिवस झड लागून राहिली आणि चौथ्या दिवशी तो सकाळच्या गाडीनं मलकापूरला गेला. निघताना मागच्या दारी बादलीत शेण कालवलेलं होतं.

प्रेताला अग्नी कोणी द्यायचा यावर थोडी बोलणी झाली. भगवंतराव म्हणाले की कागदावर अंगठा उठला नाही, म्हणजे फारकत झाली नाही, नवराच देईल. लाकडं ओली होती. दोन डबे रॉकेल लागलं. इंद्रभाननं सगळं केलं, सांगतील तसं. नऊ महिन्यांत तो तिच्याजवळ गेला तो त्या दिवशी.

दहाव्याला नाल्याकाठी पिंड ठेवले. कावळा शिवायला वेळ लागत होता. लोक बाजूला बसले होते. गुलाबराव येऊन इंद्रभानच्या शेजारी उकिडवा बसला. दहा दिवसांत त्याचं तोंड ओळखू येईना असं झालं होतं.

"पाव्हणे," तो म्हणाला, "एक गोष्ट मी कोनालेच सांगतली नाही."

"ज्येष्ठात मी माती घातली ना, तवा तिनं मले सांगतलं होतं. दादा, पयले जुनी खरड, मंग टाक. मी म्हनलं, कायले खरडू? इकून तर राह्यले. गाडी दोनच दिवसाची भेटली होती. तरी ती शिडीवर उभी राह्यली, टोपलं घेऊन. मी म्हनलं, उतर खाली, तुले काय समजते. माह्याच हातानं झालं पाव्हणे. एक डाव खरडलं नाही, अन् बहीन गेली."

इंद्रभानच्या ओठांवर आलं होतं. एक वर्ष न खरडल्यानं धाबं बसत नाही, हे त्याला ठाऊक होतं. खाली वैशाखातला थर नसता तर गुलाबरावचा थर त्या तुळयांनी पेलला असता. हे सांगितलं असतं तर त्या माणसाच्या छातीवरचं निम्मं ओझं तिथंच उतरलं असतं.

तो म्हणाला, "झड लय होती."

तेवढ्यात कावळा आला आणि लोक उठले.

पुढं पुंजाजीनं जागा घेतली. घर राहिलं नव्हतं, नुसती जागा. कागदावर इंद्रभानचं नाव "मयत चांगुणाबाई हिचा नवरा" असं लागलं. पडलेली माती उचलून द्यायचं काम त्यानं मजूर न लावता स्वतः केलं. लोक म्हणाले, बायकोचं दुःख आहे, करू द्या. मधल्या घराच्या एका भिंतीवर धाब्याचा एक तुकडा अजून टिकून होता. तो फावड्यानं कापला तेव्हा आत दोन्ही थर वेगवेगळे दिसले. मध्ये वावटळीनं आणलेल्या काडीकचऱ्याची काळी रेघ होती. पुंजाजी नाल्याकडून येत होता. तो यायच्या आत इंद्रभाननं फावड्याच्या पाठीनं ती माती फोडून सपाट केली.

इंद्रभाननं दुसरी केली नाही. बहिणीनं दोनदा विचारून पाहिलं, मग सोडून दिलं. तो नांदुऱ्याला जिनिंगमध्येच राहू लागला.

गुलाबरावच्या घरून निरोप येत असत. तो शेतात जात नाही, जेवण जात नाही, पाऊस लागला की घरात थांबत नाही, रस्त्यावर जाऊन भिजत उभा राहतो. दिवाळीनंतर इंद्रभान बसनं मेहकरला गेला. गुलाबरावच्या बायकोनं पाटावर बसवून जेवू घातलं. गुलाबराव समोर बसला होता, ताटातली भाकर चिवडत. तो एवढंच बोलला, "पाव्हणे, तुमी येता हेच लय झालं. दुसरा असता तर माह्यं तोंडही पाह्यलं नसतं." इंद्रभान खाली मान घालून जेवला आणि संध्याकाळच्या बसनं परत आला.

त्याला आता दोन पावसाळे झाले. गुलाबराव अजून समजतो की ते सगळं त्याच्या एकट्याच्या हातानं झालं. त्याच्या मातीखाली आणखी एक थर होता, हे इंद्रभाननं त्याला अजून सांगितलेलं नाही.